पन्नास एकर माळ : महारोगी सेवा समिती, वरोरा

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली वरोऱ्यात झाली. तिला पंच्याहत्तर वर्षे होऊन गेली. या काळात संस्थेला आणि आमटे कुटुंबाला मिळालेल्या सन्मानांची यादी मोठी आहे, आणि ती आजवर इतक्या ठिकाणी छापून आली आहे की येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. हा इतिहास लिहिताना मी दुसरा धागा धरला आहे तो जमिनीचा. कोणती जमीन मिळाली, तिच्यात पाणी कसे लागले, पहिले पीक कोणी काढले आणि ते विकत घ्यायला कोण तयार झाले, या प्रश्नांची उत्तरे लावत गेले की संस्थेचा बहुतेक इतिहास आपोआप सांगून होतो.

मी सुकापूरला राहतो. पनवेलहून आमच्या गावावरून पुढे नेऱ्याला गेले की कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन लागते. त्यामुळे कुष्ठरोग्यांची वसाहत आणि तिच्याभोवतीची हिरवी जमीन हे दृश्य आम्हा पनवेलकरांना अनोळखी नाही. मात्र आमच्याकडे आता जमीन म्हटली की पहिला प्रश्न गुंठ्याच्या भावाचा असतो. वरोऱ्याच्या त्या माळाला भावच नव्हता, आणि मला वाटते, म्हणूनच तो या कामासाठी मिळू शकला.

१९५१ पूर्वी

संस्थेचे संस्थापक मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घराणे जमीनदारीचे, वरोऱ्याजवळ गोरजे येथे मोठी शेती. कायद्याचे शिक्षण नागपुरात आणि वकिली वरोऱ्यात. शिकार, मोटार, सिनेमा हे सगळे शौक त्या काळात होते. पुढे गांधीविचार, बेचाळीसचे आंदोलन आणि गावातल्या दलित वस्त्यांची अवस्था यांनी त्यांना वकिलीतून बाहेर ओढले. डिसेंबर १९४६ मध्ये नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच साधनाताई. लग्नानंतर दोघांनी वरोऱ्यात ‘श्रमाश्रम’ काढला. वेगवेगळ्या जातींची माणसे तेथे एकत्र राहत आणि अंगमेहनतीची कामे वाटून घेत. बाबा तेव्हा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे काम कळावे म्हणून त्यांनी काही महिने स्वतः मैल्याच्या टोपल्या वाहिल्या.

याच काळात एका पावसाळी संध्याकाळी तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी रस्त्याच्या कडेला मरणासन्न पडलेला दिसला. अंग झडलेले, जखमांत किडे. बाबा घाबरून घरी निघून गेले, मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आले आणि त्या माणसाची अखेरची सेवा केली. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्याची पुढची बाजू कमी सांगितली जाते. भीती जाण्यासाठी बाबांनी रोगाचा अभ्यास सुरू केला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठधाम चालवत होते. त्यांचे काम डोळ्यांसमोर होते. नंतर बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाच्या प्रशिक्षणासाठी गेले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, ही त्या वेळच्या संशोधनातली मोठी अडचण होती. बाबांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. आज आपल्याला माहीत आहे की बहुसंख्य माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. तेव्हा मात्र हे सामान्य माणसाला सांगून पटणारे नव्हते.

डॅप्सोन हे औषध नुकतेच हाती आले होते. कलकत्त्याहून परतल्यावर वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी दवाखाने भरू लागले. गोळ्यांनी रोग आटोक्यात येई. पण बरा झालेला माणूस जाणार कोठे, हा प्रश्न गोळीने सुटत नव्हता. घर त्याला घेत नव्हते, मालक कामावर ठेवत नव्हता. भीक हा एकच धंदा त्याच्यासाठी मोकळा होता. समितीने जमीन मागितली ती या टप्प्यावर.

पहिले दशक : १९५१ ते १९६०

वरोरा तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सरकारने समितीला ५० एकर जमीन दिली. खडक, मुरूम, काटेरी झुडपे, साप आणि विंचू. माळाला लागून जंगल, आणि जंगलात बिबटे. १९५१ च्या जूनमध्ये, तेलंगणातील भूदानयात्रेहून परतीच्या वाटेवर असलेल्या विनोबांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. माळाला नाव दिले आनंदवन. त्या दिवशीची मालमत्ता अशी सांगतात : बाबा, साधनाताई, चार वर्षांच्या आतले दोन मुलगे विकास आणि प्रकाश, ६ रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये.

पहिले काम विहिरीचे. विहीर नाही तोवर पिण्याचे पाणी लांबून डोक्यावर आणायचे होते. पहार, कुदळ आणि टोपले एवढीच अवजारे. खडक फोडत जाऊन ३३ फुटांवर पाणी लागले. शेतकरी वाचकाला यातले कष्ट वेगळे समजावून सांगायला नकोत. पण हे कष्ट ज्या हातांनी केले ते कसे होते, हे सांगितले पाहिजे.

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. त्यामुळे आधी जाते ती संवेदना. हात शाबूत दिसतो, पण कुदळीच्या दांड्याने तळव्याला फोड आला तर कळत नाही, काटा रुतला तर कळत नाही, तापलेल्या भांड्याने कातडी भाजली तरी वास येईपर्यंत कळत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी असतो आणि तोच येथे गैरहजर असतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि मग बोटे जातात. बोटे रोगाने गळून पडतात अशी समजूत आहे, ती खरी नाही. बहुतेक बोटे अशा न कळलेल्या जखमांनी जातात. शिवाय तंतू निकामी झाले की स्नायू दुबळे होतात आणि बोटे आत वळून हाताचा पंजा होतो. अशा हाताने कुदळ धरायची म्हणजे मूठ जाड हवी, तिच्यावर चिंधी गुंडाळलेली हवी, आणि दिवस संपला की कोणीतरी प्रत्येकाचे तळहात व तळपाय बघितले पाहिजेत. ज्याला बोटे नाहीत त्याने टोपले डोक्यावर घ्यायचे, ज्याचे पाय गेले त्याने बसून निंदणी करायची, ज्याचे डोळे गेले त्याने दोर ओढायचा. कामाची अशी वाटणी होत गेली. पुढे संस्थेत दिसणारी सगळी उद्योगव्यवस्था या वाटणीतून उगवली, असे माझे मत आहे.

या पहिल्या काळात साधनाताईंनी जे केले त्याला कोणत्याही अहवालात वेगळे सदर नाही. उघड्यावर चुलीवर स्वयंपाक, गाईचे दूध काढणे, आजारी माणसांची धुणी, आणि या सगळ्यात रांगती-धावती दोन मुले. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत आपली मुले वाढवणे ही त्या काळात नातेवाइकांच्या दृष्टीने वेडेपणाची परिसीमा होती. साधनाताईंनी पुढे ‘समिधा’ हे आत्मकथन लिहिले. ज्यांना हा काळ समजून घ्यायचा आहे त्यांनी ते वाचावे.

पाणी आले, वाफे झाले, भाजीपाला आला, ज्वारी आली. सहाचे साठ झाले. खाऊन उरेल एवढे पिकू लागले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी कोणी घेईना. माल चांगला होता, ताजा होता, पण तो कुष्ठरोग्यांच्या हातचा होता. दुधाचेही तेच. संस्थेच्या इतिहासात सरकारी परवानगीपेक्षा आणि देणगीपेक्षाही मोठा अडसर हा होता, असे मी समजतो. भीक घालायला लोक तयार होते, भाजी विकत घ्यायला तयार नव्हते. भीक घालताना अंतर राखता येते. भाजी घरात येते, चुलीवर चढते.

ही कोंडी फोडण्यात एका बाहेरच्या घटनेचा वाटा आहे. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या शांततावादी संघटनेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक १९५४ च्या सुमारास आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती उभारल्या. ते तेथेच राहत, तेथेच जेवत. परदेशांतून आलेली शिकलेली माणसे आनंदवनातले अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याने डोळ्यांनी पाहिले. हळूहळू बाजार उघडला. आपल्या शेजाऱ्यांवर विश्वास बसायला आपल्याला परदेशी पाहुणे लागले, ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही. पण इतिहासात ती तशीच आहे.

१९५७ मध्ये नागपूरजवळ अशोकवन सुरू झाले. पहिल्या दशकातला हा दुसरा प्रकल्प.

साठचे दशक

या दशकात व्यवहाराची दिशा उलटी झाली. जे वरोरा आनंदवनाची कोबी घ्यायला तयार नव्हते, त्याच्या मुलांसाठी आनंदवनाने महाविद्यालय उभारले. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि लगेच १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय. बांधकामात कुष्ठमुक्तांचे हात होते. परिसरातल्या शेकडो खेड्यांतल्या मुलांना तोवर पदवीसाठी नागपूर किंवा चंद्रपूर गाठावे लागे. आता ती आनंदवनाच्या फाटकातून रोज आत येऊ लागली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. म्हणजे विदर्भाचे स्वतंत्र कृषी विद्यापीठ होण्याआधी वरोऱ्याच्या माळावर शेतीचे पदवी शिक्षण सुरू झालेले होते. माळ शेतीलायक करण्याचा पंधरा वर्षांचा धडा ज्यांनी हाताने गिरवला त्यांच्या शेजारी तो पुस्तकातून शिकवला जाऊ लागला. विद्यार्थ्यांनी त्यातून नेमके किती घेतले कोण जाणे, पण जागा अचूक निवडली गेली.

१९६६ मध्ये अंध विद्यालय आले. पुढे मूकबधिर मुलांची शाळा आली, अपंगांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन आले. कुष्ठरोग्यांसाठी काढलेली संस्था इतर अपंगांना आपल्यात घेत गेली. शेतीबरोबर दुग्धव्यवसाय वाढला, त्याला स्वित्झर्लंडच्या स्विसएड संस्थेची मदत झाली. हातमाग आणि यंत्रमाग, सतरंज्या, पत्र्याचे डबे, सुतारकाम, शुभेच्छापत्रे असे उद्योग एकामागून एक उभे राहिले. हे उद्योग निवडताना बाजार काय मागतो याच्या जोडीने आणखी एक कसोटी होती : बोटे नसलेल्या किंवा डोळे नसलेल्या माणसाला यातले कोणते काम पूर्ण वेळ करता येईल?

कुष्ठमुक्त स्त्री-पुरुषांचे विवाह येथे लागू लागले आणि जोडप्यांसाठी ‘सुखसदन’ची घरे झाली. म्हाताऱ्या, काम न होणाऱ्या रुग्णांसाठी ‘स्नेहसावली’. मित्रमेळावे भरू लागले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्यांच्याशी दीर्घकाळ संबंध राहिला. पुलं आनंदवनाविषयी लिहीत आणि बोलत राहिले, आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला वरोरा नकाशावर सापडले. कुमार गंधर्वांसारखे गायक तेथे येऊन गायले.

१९६७ मध्ये सोमनाथचा अध्याय सुरू होतो, आणि येथे थोडे थांबले पाहिजे.

सोमनाथ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळ, मारोडा परिसरात सोमनाथ आहे. महादेवाचे देऊळ, धबधबा आणि चहूकडे जंगल. सरकारकडून तेथे मोठे क्षेत्र संस्थेला मिळाले. बाबांच्या मनात श्रमिक विद्यापीठ होते : तरुणांनी येऊन राहावे, जमीन कसावी आणि कसता कसता शिकावे. विद्यापीठ त्या रूपात झाले नाही. झाले ते कुष्ठमुक्तांचे शेतीगाव, आणि माझ्या मते जे झाले ते विद्यापीठापेक्षा टिकाऊ ठरले.

वरोरा आणि सोमनाथ यांत शेतीच्या दृष्टीने फार फरक आहे. वरोऱ्याकडे कापूस-ज्वारीचा मुलूख, मूलकडे धानाचा. पावसाचे पाणी बांधीत अडवायचे, चिखल करायचा, रोवणी करायची. या पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधण्याची परंपरा आहे. कोहळी समाजाचे लोक त्यात निष्णात मानले जात. पुढे माजी मालगुजारी तलाव म्हणून ते ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे पाणी अडवून धान पिकवण्याचे ज्ञान त्या मातीत आधीच होते. सोमनाथला आलेल्या कुष्ठमुक्तांनी ते उचलले. तळी आणि बोड्या झाल्या, बांध पडले, भात उभा राहिला, भाजी आली, फळझाडे आली. संस्थेच्या अन्नधान्याचा मोठा भार सोमनाथने उचलला.

रोवणी हे काम मात्र कुष्ठमुक्तासाठी सोपे नाही. दिवसभर चिखलात पाय, आणि पायांना संवेदना नाही. तळपायाची जखम हा या रोगातला सर्वांत चिवट त्रास. कुष्ठरोग्यांसाठी मऊ रबराच्या तळाची खास पादत्राणे बनवतात, तीही चिखलात चालत नाहीत. त्यामुळे सोमनाथच्या धानाच्या पोत्याची खरी किंमत बाजारभावाने कधीच मोजता आलेली नाही. त्या शेतात राबलेल्यांची नावे या लेखात नाहीत. ती शेकडो आहेत, आणि त्यांतले अनेक जण असे होते की घरच्यांनी त्यांचे नाव केव्हाच टाकून दिले होते. संस्थापकांच्या बरोबरीचे श्रेय त्यांचे आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून सोमनाथला दरवर्षी मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातली मुले-मुली चंद्रपूरच्या उन्हात पहाटे कुदळ-फावडे घेऊन निघतात, दुपारी व्याख्याने ऐकतात, रात्री गातात. पन्नासहून अधिक वर्षांत महाराष्ट्रातल्या किती सामाजिक कार्यकर्त्यांनी पहिले टोपले तेथे उचलले, याचा कोणीतरी नीट धांडोळा घ्यायला हवा. आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या आहेत, अभ्यास झालेला नाही.

सत्तरचे दशक

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो १९८२ चा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे लग्नानंतर तेथे जाऊन राहिले. माडिया गोंडांची भाषा येत नाही, रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात नद्यांनी जगाशी संबंध तुटतो. दवाखाना झाला, १९७६ मध्ये आश्रमशाळा झाली, जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांचे गोकुळ झाले. हेमलकशावर मराठीत स्वतंत्र पुस्तके आहेत, चित्रपट आहे. या लेखात ते एका परिच्छेदात आटोपतो याचा अर्थ त्याचे महत्त्व कमी आहे असा नाही.

आनंदवनात याच काळात डॉ. विकास आणि डॉ. भारती आमटे यांनी काम अंगावर घेतले. बाबांच्या पाठीच्या कण्याचा आजार बळावला होता. शस्त्रक्रिया झाल्या, पण त्यांना बसता येईनासे झाले. उभे राहायचे नाही तर आडवे पडायचे. पुढची तीन दशके त्यांनी अशीच काढली. त्या अवस्थेत त्यांनी जे प्रवास केले ते पाहता कोणाही धडधाकट माणसाने पाठदुखीची तक्रार करू नये.

ऐंशी आणि नव्वदची दशके

या वीस वर्षांत संस्थेच्या कामाचा पायाच बदलून टाकणारी घटना वरोऱ्यात घडली नाही, ती औषधशास्त्रात घडली. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांची एकत्र उपचारपद्धती सुचवली. भारतात १९८३ पासून कुष्ठरोग निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वर्षानुवर्षे चालणारा उपचार महिन्यांवर आला, आणि विकृती येण्याआधी बरे होणारे रुग्ण वाढले. अशांना आनंदवनात राहण्याची गरज उरली नाही. हे संस्थेचे यश, पण त्यातून प्रश्नही आला : जी संस्था टाकलेल्या माणसांच्या श्रमावर उभी आहे तिच्याकडे पुढे कोण येणार? हा प्रश्न संस्थेत उघडपणे विचारला गेला, आणि उत्तर म्हणून अपंग, अंध, कर्णबधिर, वृद्ध आणि ग्रामीण बेरोजगार यांच्याकडे काम अधिकाधिक वळले.

बाबा या काळात आनंदवनाबाहेर होते म्हटले तरी चालेल. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा निघाली आणि काश्मीरकडे गेली. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलपासून गुजरातपर्यंत झाली. १९९० पासून बाबा आणि साधनाताई नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. या निर्णयाबद्दल तेव्हा मतभेद झाले, कार्यकर्त्यांतही झाले. मोठ्या कुटुंबात आणि मोठ्या संस्थेत ते होतातच, त्यांचा पाढा येथे वाचण्याची गरज नाही. आनंदवनाची शेती, गोठा, दवाखाना आणि शाळा या काळात एक दिवसही बंद पडल्या नाहीत, एवढी नोंद पुरेशी आहे.

डॉ. विकास आमटे यांनी या वर्षांत पाणी आणि बांधकाम या दोन गोष्टींवर भर दिला. टाकाऊ प्लास्टिक, जुने टायर असे जे फेकून दिले जाते ते बंधाऱ्यांत वापरण्याचे प्रयोग झाले. लाकूड आणि लोखंड न वापरता विटांच्या कमानीवर छत पेलणारी नुबियन पद्धतीची घरे बांधली गेली. वरोऱ्याच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, अशी घरे आतून थंड राहतात. तलाव खोदले गेले, झाडे लावली गेली. सुरुवातीच्या ५० एकरांचे क्षेत्र तोवर अनेक पटींनी वाढलेले होते. आज आनंदवन चारशेहून अधिक एकरांवर पसरले आहे.

२००० नंतर

२००२ मध्ये ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त कलाकार गावोगावी जाऊन कार्यक्रम करू लागले, आणि लोक तिकीट काढून ते ऐकू लागले. भाजी घ्यायला न धजणाऱ्या बाजारापासून तिकीट काढणाऱ्या श्रोत्यांपर्यंतचे अंतर पन्नास वर्षांचे होते.

शेतकरी आत्महत्यांनी यवतमाळ जिल्हा हादरला तेव्हा संस्थेने झरी-जामणी तालुक्यात मूळगव्हाण येथे काम सुरू केले. तेथे वस्ती कोलामांची, जमीन उताराची आणि कोरडवाहू. पाणी अडवणे, मिश्र पिके, गुरे, जोडधंदा हा वरोरा आणि सोमनाथचा अनुभव तेथे कामी आला. एका अर्थाने संस्था पुन्हा पहिल्या दशकात गेली. आणखी एक पडीक जमीन, आणखी एकदा खोदकाम. फरक एवढाच की आता हाताशी पन्नास वर्षांचा अनुभव होता.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता आनंदवनाच्या मातीत दफन झाले.   ९ जुलै २०११ रोजी साधनाताई गेल्या. आनंदवनात मरण पावलेल्या अनेक कुष्ठमुक्तांप्रमाणे दोघेही श्रद्धावनात झाडांखाली आहेत. संस्थापकांना आणि रुग्णांना एकाच जागेत, एकाच रीतीने जमिनीत ठेवलेले मला तरी दुसरीकडे पाहायला मिळालेले नाही.

आज

कुटुंबाची तिसरी पिढी कामात आली, विश्वस्त आले-गेले, अडचणींचे आणि दुःखाचे प्रसंगही आले. काम चालू आहे. आनंदवनात दवाखाना, शाळा, महाविद्यालये, माग, गोठा आणि शेती आहे. सोमनाथला धान आहे आणि मे महिन्याची छावणी आहे. हेमलकशात रुग्णालय आणि शाळा आहे.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. पहिल्या पिढीतल्या कुष्ठमुक्तांपैकी फार थोडे आता हयात असतील. विहीर खोदणाऱ्यांच्या, पहिली रोवणी करणाऱ्यांच्या, बाजारातून भाजी परत आणणाऱ्यांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या ती माणसेही आता साठी-सत्तरीची आहेत. त्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी एका सुट्टीत सुरू करू शकतील. संस्थेची कागदपत्रे संस्थापकांविषयी भरपूर बोलतात, कामकऱ्यांविषयी कमी बोलतात, आणि ही उणीव अजून भरून काढता येण्यासारखी आहे.

बाजारासारखा कायदाही उशिरा का होईना बदलला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरता येत होते. ती तरतूद २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकली गेली. रोग मात्र संपलेला नाही. देशात आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात, आणि त्यांतले काही आमच्या रायगडात, आमच्या पनवेल तालुक्यात असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि त्यावर कापूस फिरवला तरी स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर चालतात आणि रोग पूर्ण बरा होतो. हातापायांची संवेदना जाण्याआधी गेलात तर त्यांना सहसा काही होत नाही.